सायकल सल्ला: मनाली–लेहला मी सगळ्यांच्या मागे राहणार, जाऊ की नको?

पत्र: "मी ४७ वर्षांची, नाशिकला राहते, बँकेत नोकरी करते. तीन वर्षं नियमित सायकल चालवते आहे. ऑगस्टच्या मध्यावर आमचा नऊ जणांचा गट सायकलने मनालीहून लेहला निघणार आहे. बेत नऊ दिवसांचा आहे, सामान जीपमध्ये असेल. बाकीचे बहुतेक तिशीतले आहेत. रविवारी त्यांच्याबरोबर निघाले की पहिले तीस-पस्तीस किलोमीटर २४ च्या वेगाने निभावते, पण सत्तरीच्या आसपास पाय गळतात. मागच्या महिन्यात नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना तीनदा उतरावं लागलं. सगळे वर थांबले होते, फार ओशाळं वाटलं. माझी हायब्रिड सायकल आहे, पुढच्या तीन रिंगांना ४८-३८-२८ दात, मागच्यांना ११ ते ३२. माझं वजन ६२ किलो. दोन महिन्यांत वेग कसा वाढवू? की नाव मागे घेऊ?" — एक वाचक, नाशिक

ताई, नाव मागे घेऊ नका. वेग वाढवण्याचा प्रश्न मात्र बाजूला ठेवा. दोन महिन्यांत तो थोडा वाढेलही, पण तिशीतल्यांच्या बरोबरीला येण्याइतका नाही, आणि या रस्त्यावर त्याची गरजही नाही. तिथे लागते ती अशी चाल, जी सकाळी सहाला धरली तर दुपारी दोनलाही तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरता येते. तुमच्या पत्रावरून दिसतं की ती चाल तुमच्यात आहे. रविवारी पहिल्या दीड तासात तुम्ही ती उधळून टाकता.

त्या दीड तासात काय होतं ते आधी पाहू. सपाटीवर हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग २० वरून २४ केला, तर तेवढ्यासाठी सुमारे ७० टक्के जास्त ताकद लागते. पुढच्याच्या चाकामागे चिकटून असाल तोवर त्याचा आडोसा मिळतो. अंतर जरा वाढलं की आडोसा संपतो आणि ते अंतर भरून काढायला तुम्ही आणखी जोर लावता. अशा जोरात शरीर चरबीपेक्षा साठवलेली साखर जास्त वापरतं. स्नायू आणि यकृत मिळून हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. तो दमदार वापरला आणि वाटेत नीट खाल्लं नाही, की अडीच-तीन तासांत तळ दिसतो. तुमचे सत्तर किलोमीटर नेमके तिथेच पूर्ण होतात. म्हणजे पाय कमकुवत नाहीत, हिशेब चुकतो आहे.

आपली चाल ओळखायला सगळ्यात भरवशाचं मोजमाप श्वास. चालवताना आपला दहा आकडी मोबाइल नंबर मोठ्याने म्हणून पाहा. एका दमात पूर्ण नंबर म्हणता आला आणि नंतरचा श्वास ओढून घ्यावा लागला नाही, तर ही दिवसभराची चाल. पाचव्या-सहाव्या आकड्याला श्वास घ्यावा लागला तर ही फार तर वीस मिनिटांची. घाटाच्या एखाद्या वळणापुरती ती चालते, त्याहून जास्त नाही. तीन आकड्यांत धाप लागली तर त्याच क्षणी गिअर हलका करा, आणि हलका गिअर उरला नसेल तर थांबा. सपाटीवर दर पंधरा मिनिटांनी आणि चढावर दर पाच मिनिटांनी ही परीक्षा घ्या. महिनाभरात नंबर न म्हणताही कळायला लागतं.

पहिला तास फसवा असतो. पाय ताजे, हवा गार, बरोबर माणसं, त्यामुळे जास्त जोर लावूनही श्वास शांत वाटतो. म्हणून पहिली ४५ मिनिटं नंबर म्हणता येतो त्याच्याही खाली राहायचं, अगदी गप्पा मारत. लोक पुढे जात असतील तर जाऊ द्या. हँडलवरच्या मीटरमध्ये वेगाचा आकडा दिसतो त्यावर चिकटपट्टी लावा. तो आकडा वारा, चढ आणि रस्ता यांचं मिश्रण आहे. तुम्ही किती जोर लावता आहात हे त्यावरून कळत नाही.

छातीचा पट्टा असलेला हृदयगती मीटर तुमच्याकडे असेल तर उपयोगी पडेल, पण त्यासाठी '२२० वजा वय' हे सूत्र नको. ते सरासरी माणसाचं आहे, एखाद्या व्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यापेक्षा आधी डॉक्टरांना भेटा: रक्तदाब, ईसीजी आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन मुद्दाम लिहिलं आहे. ते १२ च्या खाली असलेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ, आणि विरळ हवेत त्याचा फटका थेट बसतो. दोन महिने हातात आहेत तोवर ते सुधारता येतं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, तर एखाद्या सलग चढावर अर्धा तास टिकेल तेवढा पूर्ण जोर लावा आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी हृदयगती काढा. तिच्या ८० ते ८८ टक्के हा तुमचा दिवसभराचा पट्टा. सरासरी १६० आली तर १२८ ते १४०. हे आकडे नाशिकपुरतेच धरा. चार हजार मीटरच्या वर विश्रांतीतली गती वाढते आणि कमाल गती उतरते, म्हणजे दोन्हीकडून पट्टा आवळतो. तिथे फक्त मोबाइल नंबर खरा.

आता तुमच्या सायकलकडे, कारण गडाच्या घाटात तीनदा उतरण्यामागे निम्मं कारण तिथे आहे. तुम्ही ६२ किलो, सायकल १४ धरू, पाणी आणि हत्यारं ४, एकूण ८०. तुमचा सगळ्यात हलका गिअर पुढे २८, मागे ३२. त्यात पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.९ मीटर पुढे जाते. गुडघ्यांना त्रास न होता चढावर मिनिटाला निदान ६० फेरे हवेत. म्हणजे ताशी ६.८ किलोमीटर. सात टक्क्यांच्या चढावर याला ढोबळमानाने ११५ वॅट लागतात. तुमची दिवसभराची चाल समजा ९० वॅटची असेल, तर हा गिअर तुम्हाला चढावर तुमच्या चालीने जाऊच देत नाही. एकतर जास्त जोर लावायचा, नाहीतर फेरे ४७ पर्यंत उतरवून गुडघ्याच्या वाटीवर भार द्यायचा. तुम्ही कितीही ठरवलंत तरी सायकल तुम्हाला पळवते आहे.

उपाय म्हणजे पुढचा क्रँकसेट, म्हणजे पॅडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी रिंगा, बदलणं. ४४-३२-२२ दातांचा, आठ स्पीडला चालणारा डोंगरी सायकलचा क्रँकसेट घ्या. २२–३२ मध्ये एका फेऱ्यात दीड मीटर, ६० फेऱ्यांना ताशी ५.४ किलोमीटर आणि त्याच सात टक्क्यांच्या चढावर सुमारे ९० वॅट. दुकानदाराला चार गोष्टी सांगा. बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) दांड्याची लांबी नव्या क्रँकला जुळते का ते आधी बघायचं. ४८ ऐवजी ४४ दात आले की मोठी रिंग ८ मिलिमीटरने आत येते, म्हणून पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढाच खाली सरकवायचा. त्याचा पिंजरा रिंगच्या दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर राहिला पाहिजे. आणि चेन दोन कड्यांनी कमी करायची. एवढं करूनही पुढे २२ असताना मागच्या सगळ्यात लहान दोन-तीन रिंगांवर जाऊ नका, चेन लोंबते आणि सटकते. क्रँक बसत नसेल तर मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या रिंगांचा संच) लावा. फरक सहा टक्क्यांचाच, पण चढावर तोही जाणवतो. हे काम जुलैच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. नव्या भागांची कुरकुर नाशिकमध्येच ऐकू आलेली बरी.

सीटही तपासा. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, आणि आपण उगाच वयाला दोष देतो. चढ सुरू होण्याआधी, पायावर जोर यायच्या आत, पुढची रिंग बदला. ताणाखाली बदलायला गेलात तर चेन पडते.

तुम्हाला धीर यावा म्हणून एक हिशेब देतो. मनाली २,०५० मीटरवर, रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर, मधलं अंतर ५१ किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ चार टक्क्यांहूनही कमी. हा रस्ता ट्रकांसाठी बांधलेला आहे. आपले घाट आखूड आणि खडे, तिथले लांब आणि सोशिक. मध्ये खडे टप्पे आहेत, वाहून गेलेला खडीचा रस्ता आहे, त्यासाठीच तो हलका गिअर. पण हा ताकदवानांचा रस्ता नाही, हातचं राखून चालवणाऱ्यांचा आहे.

म्हणून बेत किलोमीटरमध्ये न आखता चढाच्या मीटरमध्ये आखा. नांदुरीच्या घाटात नंबर म्हणता येईल अशा श्वासाने चढा, वर पोहोचल्यावर चढलेली उंची भागिले लागलेले तास. हा तुमचा स्वतःचा दर. तुमच्या वजनाला आणि सायकलीला तो ताशी ३५० मीटरच्या आसपास यावा. चार हजार मीटरच्या वर त्याच्या दोनतृतीयांश धरून चाला, म्हणजे २३० च्या आसपास. आता रोहतांगच्या वाटेवरचं मढी ३,३०० मीटरवर आहे. मनालीहून १,२५० मीटर चढ, तुमचे साडेतीन ते चार तास, थांबे वेगळे. झिंगझिंगबारहून बारालाचा खिंड ६२० मीटर वर, पावणेतीन तास. हे आकडे कागदावर आले की "मला जमेल का" ऐवजी "मी किती वाजता निघू" असा प्रश्न उरतो, आणि त्याला उत्तर असतं.

नऊ दिवसांचा बेत मात्र आम्हाला पटत नाही, आणि तो तिशीतल्यांनाही तितकाच धोक्याचा आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर हजार मीटरनंतर एक जादा रात्र तिथेच काढावी, असा सर्वमान्य नियम आहे. जिस्पा ३,२०० मीटरवर आणि सरचू ४,२९० वर. घाईच्या बेतांत लोक एका दिवसात तिथून इथे येतात आणि सरचूची रात्र डोकं धरून काढतात. गटाला असं सुचवा: पहिला मुक्काम मढी, मग रोहतांग ओलांडून सिस्सू, मग जिस्पात दोन रात्री. त्यानंतर पत्सेओच्या आसपास, ३,८०० मीटरच्या जवळ एक रात्र (ही वाढ नियमाहून थोडी जास्त, म्हणूनच आधी जिस्पात दोन रात्री), मग झिंगझिंगबार (४,२७०), मग बारालाचा (४,८९०) ओलांडून सरचू. सरचू ते पांग एका दिवसात करू नका. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, त्यात गाटा लूप्सची २१ वळणं, नकीला आणि मग पाच हजारांवरची लाचुंगला. या दोन खिंडींच्या मध्ये व्हिस्की नाल्यापाशी मोसमात तंबूंचे ढाबे लागतात. रात्र तिथे काढा, आणि दुसऱ्या दिवशी लाचुंगला ओलांडून पांगला थांबा. पुढे मोरे मैदानाचा सपाट पट्टा, तंगलंगला खिंडीच्या पायथ्याशी मुक्काम, मग ५,३२८ मीटरची तंगलंगला आणि उतरून रुमत्से, मग उपशी आणि लेह. नऊचे बारा दिवस होतात. गटाने नाही म्हटलं तर तुमच्यासाठी एक-दोन टप्पे जीपने जायचे हे आधीच ठरवा, पण झोपण्याच्या उंचीचा नियम जीपलाही लागू आहे.

पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासाच जास्त असतो. तिथे चाल आणखी तोडून घ्यावी लागते. खिंडीच्या शेवटच्या टप्प्यात दहा मिनिटं चालवा, एक मिनिट एक पाय टेकवून उभ्या राहा, पुन्हा दहा मिनिटं. धाप लागण्याची वाट बघू नका, ती लागायच्या आधी घड्याळ बघून थांबा. ऊर फुटेपर्यंत रेटून मग पाच मिनिटं बसणारा माणूस याहून हळू वर पोहोचतो. सायकल हाताने ढकलावी लागली तर ढकला. ताशी चारने चालणारा माणूस ताशी पाचने डगमगत जाणाऱ्याच्या फार मागे नसतो.

डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणं किंवा चक्कर येत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी दम लागत असेल, खोकला वाढत असेल किंवा सरळ रेषेत एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत चालता येत नसेल, तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरायचं. तिथे गटाचं मत विचारायचं नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या औषधाबद्दल डॉक्टरांशी इथेच बोलून घ्या, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा.

आता ओशाळं वाटण्याबद्दल. तुम्ही मागे राहणार हे नक्की आहे, मग त्याची व्यवस्था आधी करू. मागे राहणाऱ्याकडे एकच भांडवल असतं, वेळ. गट साडेसहाला निघणार असेल तर तुम्ही साडेपाचला निघा, कोणाला तरी बरोबर घेऊन. या रस्त्यावर सकाळचं आणखी एक कारण आहे. दुपारी बर्फ वितळून नाल्यांचं पाणी रस्त्यावर चढतं, आणि मोरे मैदानात वारा सुटतो. सकाळी घोट्यापर्यंत असलेला नाला दुपारी तीनला पोटरीपर्यंत असू शकतो.

थांब्यांचाही हिशेब करा. दिवसात पंधरा-पंधरा मिनिटांचे आठ थांबे म्हणजे दोन तास. त्यातले चार वाचवले तर एक तास मिळतो, आणि तो तास ताकदीने मिळवायचा झाला तर तुमचे पाय गळून जातील. पाणी, चेन, कपडे, खाणं ही कामं एकाच थांब्यात उरका.

गटाशी बसून तीन गोष्टी ठरवा. भेटायच्या जागा: खिंडीचा माथा, ठरलेला ढाबा, किंवा दर वीस-पंचवीस किलोमीटर. जिस्पापुढचं दारचा गाव सोडल्यावर मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही, म्हणून हे आधीच ठरलेलं हवं. दुसरं, रोज एक जण शेवटचा राहील, आळीपाळीने, म्हणजे एकट्या कोणावर ते ओझं पडत नाही. तिसरी गोष्ट बहुतेक गटांत चुकते. पुढे गेलेले लोक अर्धा तास विश्रांती घेऊन बसलेले असतात, मागचा पोहोचतो, आणि सगळे म्हणतात, "आलात? चला, निघू." ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही, आणि असं चार दिवस झालं की तो माणूस मोडतो. तुम्ही पोहोचलात की तुमची दहा मिनिटं घ्या, बाकीच्यांना पुढे जाऊ द्या. जीपची वेळही ठरवा: दुपारी दोनपर्यंत माथ्यावर नसेल तर जीपमध्ये बसायचं. हे आदल्या रात्री ठरलं असेल तर बसताना वाईट वाटत नाही.

एकट्या मागे असाल म्हणून तुमच्या सायकलवर तुमच्या टायरच्या मापाची एक ट्यूब, दोन लिव्हर, पंप, पॅच, ४-५-६ च्या ॲलन की आणि आठ स्पीड चेनची एक जोडकडी हवी. निघण्याआधी दोन वेळा स्वतःच्या हाताने मागची ट्यूब बदलून बघा.

खाण्याचं थोडक्यात: पहिल्या अर्ध्या तासानंतर दर तासाला ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं. एक केळं सुमारे २५ ग्रॅम, चार साधे खजूर तेवढेच, शंभर ग्रॅम उकडलेला बटाटा मीठ लावून २०. गुळाची चिक्की थंडीत दगडासारखी होते, तिचे घरीच लहान तुकडे करून न्या. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दिवसातून एक-दोन बाटल्या ओआरएसच्या. वर भूक मरते. तिथे भुकेची वाट न बघता घड्याळ बघून खायचं.

उरलेल्या आठवड्यांत रविवारच्या लांब फेरीपेक्षा शनिवार-रविवार सलग चालवणं जास्त कामाचं. ६० आणि ५० पासून सुरू करून हळूहळू ९० आणि ८० पर्यंत जा, दर चौथा आठवडा हलका. आठवड्यात एकदा तासभर निवांत, आणि एकदा बारा-बारा मिनिटांचे तीन चढ, नंबर पाचव्या आकड्याला तुटेल इतक्या जोरात. चाल बरोबर धरली का हे त्याच रस्त्याने जाऊन-येऊन कळतं. वारा नसताना परतीचा वेळ जाण्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त लागला, तर सुरुवात जोरात झाली. सोमवारी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त असतील तर त्या आठवड्यातले चढ सोडा. पावसात घाट उतरताना ब्रेकचे पॅड भराभर झिजतात. एक मिलिमीटरपेक्षा कमी उरले की बदला, आणि हिमालयात जाताना एक जोडी जास्तीची न्या.

येत्या रविवारी गटाबरोबर जाऊ नका. गाडीने किंवा एसटीने नांदुरीपर्यंत सायकल न्या आणि घाट एकट्याने चढा, मीटरवर पट्टी लावून, मोबाइल नंबर म्हणत. लागलेला वेळ, किती वेळा उतरावं लागलं आणि सगळ्यात हलक्या गिअरमध्ये १५ सेकंदांत पॅडलचे किती फेरे झाले, हे तीन आकडे लिहून घ्या आणि आम्हाला कळवा. क्रँक बदलल्यावर त्याच घाटाचे तेच आकडे पुन्हा पाठवा. त्यावरून सरचू ते व्हिस्की नाला या दिवसासाठी तुम्ही पहाटे किती वाजता निघायचं, ते आपण मिळून काढू.